गैरअर्जदाराचा पत्ता

आम्हा अर्जनवीसांत एक रिवाज आहे. तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही, तरी कायद्याहून कडक पाळला जातो. एका अर्जनवीसाने दुसऱ्या अर्जनवीसाविरुद्ध अर्ज लिहायचा नाही. कारण उघड आहे. आम्ही सगळे तहसील कचेरीच्या आवारात एकाच निंबाखाली बसतो, एकाच टपरीचा चहा पितो, आणि एकाच्या घरची भानगड दुसऱ्याच्या कागदावर उतरली तर उद्या त्याच बाकावर बसायचे कसे, हा प्रश्न उरतो. म्हणून पक्षकाराने सांगायला सुरुवात केली आणि समोरचा माणूस आपल्यापैकीच निघाला, की आम्ही चष्मा काढून पुसतो आणि म्हणतो, "पुढे पाहा जी." पुढचाही तेच म्हणतो. हा रिवाज चांगला आहे असे मी आयुष्यभर मानत आलो. त्याच रिवाजाने माझी बायको शेवटी माझ्याच टेबलासमोर येऊन बसली.

मी नववीपर्यंत शिकलो. दहावीला बसलो नाही, त्याला घरची परिस्थिती कारण होती, बुद्धी नव्हे. आंबागडच्या किल्ल्याखाली आमची धानाची शेती आहे. तीन भावांत मी मधला. चिखलात वाकून रोवणा करण्यात माझे मन कधी रमले नाही. तालुक्याला येऊन एका वृद्ध अर्जनवीसाच्या शेजारी बसलो, अक्षर वळवले, कागदाची भाषा आत्मसात केली. माझ्या हातचा अर्ज साहेबाच्या टेबलावरून 'भाषा समजत नाही' म्हणून परत आला, असे सांगणारा माणूस या तालुक्यात सापडणार नाही.

नवराबायकोच्या ताटातुटीचे कागद मी पुष्कळ लिहिले. पोटगीचे अर्ज लिहिले, आंदणात दिलेल्या पलंग-कपाटांच्या याद्या लिहिल्या, पोर कोणाकडे राहील याचे करार लिहिले. दोन्हीकडची पाच-पाच माणसे येत आणि म्हणत, मुद्रांकावर फारकत लिहून द्या. मी प्रत्येकाला बजावून सांगत असे की फारकत कोर्ट देते, मुद्रांक देत नाही. असल्या कागदावर दुसरे लग्न कराल तर फसाल, आणि पोटगी सोडली असे बाईकडून लिहून घेतले तरी उद्या ती मागू शकते. ते मान हलवत आणि म्हणत, हाव जी, पन लिहा. मी लिहीत असे. अशा कागदांच्या शेवटी एक ठरलेले वाक्य येते: 'हा लेख राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिला असे.' ते लिहिताना समोरची बाई बहुधा जमिनीकडे पाहत असे. मी कागदाकडे पाहत असे.

आता घराविषयी लिहिणे भाग आहे, कारण पुढचे सगळे घराभोवती फिरते.

काही वर्षांपूर्वी मी गावाबाहेरच्या वस्तीत एक प्लॉट घेतला व त्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि छपरी बांधली. खरेदी बायकोच्या नावाने केली. बाईच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, हे मी साऱ्या तालुक्याला सांगत होतो. स्वतःला सांगणार नाही तर कोणाला? पण सवलत हे वरचे कारण. आतले कारण माझे भाऊ होते. आंबागडची शेती तेव्हा एकत्र होती, आणि माझ्या नावावर काही आले असते तर ते एकत्र कुटुंबाच्या पैशातून आले असे म्हणायला धाकटा मोकळाच होता. सबब खरेदीखताच्या मसुद्यात मी माझे ठेवणीतले वाक्य घातले: 'सदर मोबदल्याची संपूर्ण रक्कम खरेदीदार हिने स्वतःच्या स्त्रीधनातून व स्वकष्टाच्या कमाईतून दिली असून त्यात तिच्या पतीचा अथवा पतीच्या कुटुंबाचा एक पैसाही नाही.' हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या खरेदीखतांत घातले आहे. भाऊबंदांच्या दाव्यापुढे ते भिंतीसारखे उभे राहते. ते खरे आहे की खोटे, हे त्या वाक्याला कोणी विचारत नाही. बायकोला ओळखणारा म्हणून खाली सहीही मीच केली.

घर झाल्यावर दाराशेजारी काळ्या दगडाची पाटी बसवली. तीवर माझे नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'अर्जनवीस व दस्तलेखक'. बायकोचे नाव कागदावर होते, माझे दगडावर. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

पुढे भावांची वाटणी झाली, भीती संपली. घर आता माझ्या नावावर यावे असे मला वाटले, आणि यात गैर काय ते मला अजूनही कोणी नीट समजावून सांगितलेले नाही. बायकोने नवऱ्याला राहते घर बक्षीस दिले तर शुल्क नाममात्र लागते. मी बक्षीसपत्र तयार केले आणि संध्याकाळी घरी नेले. ती छपरीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती.

"इथे सही कर," मी म्हणालो.

"कायची सही जी?"

"घराचा कागद आहे."

"घराचा कोनता?"

"तुला त्यातले काय समजते? मी बोट ठेवतो तिथे कर."

तिने हातातली बिडी पुरी वळली, तिचे तोंड मोडले, दोरा बांधला आणि सुपात ठेवली. मग म्हणाली, "वाचून दाखवा."

मी वाचून दाखवला. मसुदा उत्तम उतरला होता. 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी' जागच्या जागी होते, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' जागच्या जागी होते.

"म्हंजे घर तुमाले देऊन राहिली मी?"

"तुझे-माझे असे काय आहे त्यात?"

"मंग राहू द्या न जसं आहे तसं."

त्यावर मी जे बोललो ते इथे पुरे लिहीत नाही. चौथी शिकलेल्या बाईने माझ्यासमोर कायदा बोलू नये असे म्हणालो, आणि मी ठेवली म्हणून तू या घरात आहेस असेही म्हणालो. ती काही बोलायला लागली तेव्हा म्हणालो, मुद्द्याचे बोल. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बपेऱ्याला भावाकडे निघून गेली. लुगडी-कपडे नेले नाहीत. सूप आणि तेंदूपत्ता कापायची कात्री तेवढी नेली.

मी निरोप पाठवला नाही. ती येईल असे धरून चाललो. आली तिच्याऐवजी साळ्याची मोटरसायकल. हा माझा साळा साधा धानाचा शेतकरी, माझ्यासमोर एरवी पायरीवर बसणारा. त्या दिवशी खुर्ची ओढून बसला.

"भाऊजी, बहीन आमाले काही जड नाही," तो म्हणाला. "पन सोताचं घर असून भावाच्या घरी कायले राहावं तिनं? घर तिच्या नावानं आहे म्हंते."

"कागदावर आहे."

"मंग घर कायच्यावर रायते जी? तुमीच त साऱ्या लोकाईले सांगता, कागद पाहा, कागद पाहा. आमी पाहला."

"कोणाकडून वाचून घेतला?"

"पोरीनं वाचला." म्हणजे माझ्याच मुलीने. तिचे लग्न सिवनीकडे झाले आहे. मामाने निबंधक कचेरीतून खरेदीखताची नक्कल काढून तिला फोनवर फोटो पाठवले, ते तिने आईला वाचून दाखवले होते. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आईनं वाचाले सांगतलं, मी वाचलं. तुमी कधी सांगतलं असतं त तुमाले वाचून दाखवलं असतं." एवढे बोलून तिने सासूबाई हाक मारतात असे सांगितले.

मी वकिलाकडे गेलो. माझ्यासारख्या माणसाला वकिलाकडे जाणे सोपे नव्हते; त्यांच्याकडे मी पक्षकार पाठवतो, पक्षकार म्हणून जात नाही. वकील तरुण होता. त्याने खरेदीखत शांतपणे वाचले आणि म्हणाला, "काका, बायकोच्या नावाने घेतलेल्या घरात पैसा माझा होता, असा दावा नवऱ्याला करता येतो. कायद्याची मनाई नाही. पण पैसा तुमचा होता हे सिद्ध तुम्हाला करावे लागेल." मग त्याने ठेवणीतल्या वाक्याखाली पेन्सिल ठेवली. "आणि हे वाक्य? हे कोणी घातले?"

"मी."

"खाली ओळखणारा म्हणून सही?"

"माझीच."

तो हसला नाही, ही त्याची सभ्यता. म्हणाला, "जज्जसमोर उभे राहून तुम्ही सांगणार की मी दस्तात खोटे लिहिले. मग ते विचारतील, आजवर अजून कुठे कुठे लिहिले? काका, तुमचा धंदा आहे हा. विचार करा. त्यापेक्षा बाईला समजवा, तिने खुशीने दिले तर दिले."

म्हणजे माझे घर आता एका सहीवर होते, आणि ती सही चौथी शिकलेल्या बाईच्या हातात होती. मी बक्षीसपत्र पिशवीत घालून रोज कचेरीत नेऊ लागलो. ती कधी ना कधी येणार, आणि आली की तिथेच सही घ्यावी.

ती आली. धान कापणीच्या दिवसांत आवार मोकळे असते. लोक शेतावर असतात. मी लांबूनच पाहिले. ती पहिल्या टेबलापाशी थांबली, काही बोलली, पुढे सरकली. दुसऱ्या टेबलावरच्या माणसाने चष्मा काढला. तिसऱ्याने माझ्याकडे बोट केले. मला वाटले ती मलाच शोधत आहे. मी पिशवीतून बक्षीसपत्र काढले, टेबलावर सरळ केले, त्यावर पेन ठेवले.

ती पक्षकाराच्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत ती त्या स्टुलावर कधी बसली नव्हती.

"आलीस ते बरे केलेस. कागद तयार आहे."

"तो नाही जी. माहा अर्ज लिहाचा आहे. बायाले कोर्टातून फुकट वकील भेटते म्हंतेत. त्याचा."

"कोणाविरुद्ध?"

"तुमच्या."

शेजारच्या टंकयंत्राचा आवाज थांबला. मी हळूच म्हणालो, "दुसरीकडे जा."

"गेली न. तिघाईकडे गेली. कोनी चष्मा पुसते, कोनी म्हंते कागद सरले. हे भाऊ म्हने, वहिनी, त्याच्यावानी लिहनारा आमच्यात कोनी नाही, त्यालेच लिहू द्या."

त्या भावाने टंकयंत्रामागे मान घातली.

मी नकार देऊ शकत होतो. दिला असता तर ती बाजारातल्या संगणकवाल्याकडे गेली असती. त्याने आठ ओळींत बारा चुका केल्या असत्या आणि गावभर सांगितले असते. शिवाय मला या कामाचा अनुभव होता. रागाने आलेल्या बाईला एकेक प्रश्न विचारत गेले की तिची तक्रार गळून पडते, हे मी पाहिले होते. कितीतरी बायका माझ्या स्टुलावरून अशाच उठून घरी परत गेल्या. मी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि विचारले, "मारहाण?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"बाहेर कोणी बाई?"

"तुमाले कोन पुसते जी?"

टपरीवाल्यासकट सगळे हसले. मी मान वर केली नाही.

"मग अर्जात लिहू काय? वेगळे राहून पोटगी मागायला कारण लागते. छळ लागतो."

"मारलं असतं त सोपं होतं," ती म्हणाली. "वळ दाखवला असता. हे दाखवू कसं? लगन झालं तवापासून माहं एक वाक्य तुमी पुरं होऊ देलं नाही. मी तोंड उघडलं का तुमी म्हनता, मुद्द्याचे बोल. माय गेली तवा बपेऱ्याहून फोन आला, मी तुमाले सांगाले धावत आली, इथंच, या झाडाखाली. तवाही चार लोकाईसमोर तुमी म्हनलं, मुद्द्याचे बोल. मुद्दा तोच होता न जी. माय मेली होती."

मला तो दिवस आठवला नाही. आठवला नाही असे मी तिला म्हणालो देखील. ती म्हणाली, "तुमाले कायले आठवन?"

मी लिहिले: 'गैरअर्जदार याने विवाहापासून आजतागायत अर्जदार हिचे एकही वाक्य पूर्ण होऊ दिले नाही व तिच्या आईच्या मृत्यूची वार्ता सांगतानाही तिला चारचौघांत गप्प केले.' वाचून पाहिले तर ओळ पक्की होती. खोडावीशी वाटली, पण पक्षकारासमोर खाडाखोड करणे आमच्यात कमीपणाचे मानतात.

"उत्पन्न?"

"बिड्या वळते. लिहा."

"त्यावर घर चालत नाही."

"चाललं त. तेल-मीठ, भाजी, पोरीची फी, दवाखाना, सारं बिडीतून केलं. तुमचा पैसा विटाईत गेला, नाही म्हनत नाही मी. पन तो वाचला कोनाच्यानं?"

इथे मी लेखणी खाली ठेवली. स्थावर मालमत्तेचा रकाना आला होता. मी तिला सरळ सांगितले की घर माझे आहे. दस्तातले ते वाक्य भावांसाठी घातले होते. ते खोटे आहे हे तुलाही ठाऊक आहे.

"खोटं कसं जी? माही एकदानी कुठी गेली मंग?"

एकदाणी, म्हणजे गळ्यातली सोन्याच्या मण्यांची सर, तिच्या आईने तिला लग्नात घातलेली. प्लॉटचा इसार द्यायचा होता त्या दिवशी तिने ती रुमालात बांधून माझ्या हातात दिली होती आणि मी ती सोनाराकडे नेली होती. माझ्या लेखी ते घरातले सोने होते, आणि घरातले म्हणजे माझे. मसुदा लिहिताना ती एकदाणी माझ्या मनात आलीसुद्धा नव्हती. मी खोटे म्हणून लिहिलेल्या वाक्याचा अर्धा भाग त्याच रुमालातून आला होता, आणि उरलेला अर्धा सुपातून. ज्या बायकांसाठी मी ते वाक्य आजवर लिहिले, त्यांच्याही एकदाण्या कुठे कुठे गेल्या असतील कोण जाणे. मी कोणाला विचारले नव्हते.

मी रकान्यात लिहिले: 'राहते घर, अर्जदाराचे मालकीचे.'

"अर्जदाराचा पत्ता," मी म्हणालो. "बपेरा लिहू?"

"बपेरा काहून? घराचा लिहा. उद्यापासून तिथंच येऊन राहिली मी."

लिहिला. पुढचा प्रश्न सवयीने तोंडातून निघाला, हजारो लोकांना विचारला असेल तसाच, मान खाली घालून: "गैरअर्जदार राहणार कुठला?"

मी वर पाहिले.

"ते तुमी सांगा जी," ती म्हणाली. "मी काही हाकलून नाही देत. राहा म्हना त्याले. कोर्ट सांगन तवर मांगच्या खोलीत राहा. सैपाकही करीन, जसा करत होती. पन मंग तसंच लिहा. बायकोच्या घरी राहते म्हनून लिहा."

मला कायदा माहीत होता. लग्नाचे राहते घर; निकाल लागेपर्यंत तिथून मला कोणी हलवू शकत नव्हते, आणि ती तर राहा म्हणत होती. फक्त एक ओळ लिहायची होती. 'राहणार, पत्नीचे घरी.' शब्द तीनच, पण माझ्या हाताने ती ओळ लिहिली जाईना. उद्या ती ओळ कोर्टाचा शिपाई मोठ्याने वाचणार, नोटीस वाटणारा वाचणार, आणि हे निंबाखालचे सगळे वाचणार. ज्या दारावर माझ्या नावाचा दगड आहे, त्या घरी मी बायकोचा आश्रित म्हणून राहणार.

मी लिहिले: 'राहणार, तहसील कचेरीचे आवार, निंबाचे झाडाखाली.'

मग रिवाजाप्रमाणे सगळा अर्ज तिला वाचून दाखवला. 'मी, खाली सही करणार अर्जदार' इथपासून शेवटपर्यंत. ती मध्ये एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "बराबर आहे." हळूहळू, एकेक अक्षर काढत सही केली. मग पदराच्या गाठीतून नोट काढली.

"राहू दे," मी म्हणालो. "ते मले... ते नको."

"फुकटचं कायले?" असे म्हणून तिने ती नोट बक्षीसपत्रावर ठेवली, वर माझेच पेन ठेवले, आणि गेली.

रिवाज मी मोडला असे आता आवारात म्हणतात. स्वतःविरुद्ध लिहिले तरी तो मोडतो की नाही, यावर टपरीवर दोन तट पडले आहेत. टंकयंत्रवाल्याने अर्जाची नक्कल मागून घेतली; म्हणाला, नमुना म्हणून ठेवतो, फार उत्तम उतरला आहे. त्यानंतर 'एकही वाक्य पूर्ण होऊ दिले नाही' ही ओळ मी त्याच्या टेबलावर दुसऱ्या बायकांच्या अर्जांत पाहिली आहे. त्या बायकांनी ते सांगितले होते की नाही, हे त्याने विचारले नसावे.

तिला वकील मिळाला. घरावर मी दावा केला नाही. करायला तोंड नव्हते आणि पुरावा तिचा होता. पोटगीचे काय ते कोर्ट ठरवील. मी स्टँडमागे भाड्याची खोली घेतली आहे, पण तिचा पत्ता कोणत्याही कागदावर नाही. पहिली नोटीस आणणारा माणूस आवारात शिरला, पत्ता मोठ्याने वाचला, निंबाकडे पाहिले आणि म्हणाला, "झाडाखाली नेमके कोण जी? इथे तर चौघे बसले आहेत." मी हात वर केला.

दगडाची पाटी साळ्याने गोणपाटात बांधून आणून दिली. भिंतीला धक्का न लावता बायकोने ती गवंड्याकडून काढवली होती. खोलीच्या मालकाला भिंतीला खिळे चालत नाहीत. म्हणून ती मी निंबाखालच्या टेबलाच्या पायाला टेकवून ठेवली आहे. नोटीस वाटणाऱ्याला आता विचारावे लागत नाही.